बुंदीच्या पायावरचे केस

विंचूर, १४ नोव्हेंबर

प्रिय शेखर,

आम्ही इथे ठीक आहोत. तूही जेवणखाण सांभाळून असशील. पोरगी मला रात्रभर जागवते आणि दिवसा डाराडूर झोपते. आई म्हणते, बापावर गेलीये.

पत्र बघून हसशील. पण फोनवर मी तोंड उघडलं की तुझं 'अगं, ऐक ना' सुरू होतं आणि मग मीच ऐकत बसते. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

बुंदीचा फोटो मिळाला. 'मजेत आहे तुझी लाडकी, तेजस्विनी मॅडमच्या दवाखान्यात, औषधपाणी तिथेच,' असं तू लिहिलंस. बाळंतपणाला माहेरी आल्यापासून मी याच भरवशावर निर्धास्त होते. फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या पायावर केस भादरलेला चौकोन दिसला. तिला फिट आली तेव्हा रक्त काढायला मॅडमनी भादरला होता तो. ती गोष्ट उन्हाळ्यातली, शेखर. मांजराचे केस यायला इतके दिवस लागत नाहीत. फोटो तेव्हाचाच होता.

मी दवाखान्यात फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "बुंदी? ती इकडे आलीच नाही. उलट मीच विचारणार होते, गोळ्या न्यायला कुणी का येत नाही?"

तरी तुला विचारलं नाही. भीती वाटली, तू आणखी एक फोटो पाठवशील.

मग परवा बारशाचं विचारायला तुझ्या आईंचा घोटीहून फोन आला. बोलता बोलता सांगून गेल्या, "शेखरनं तिला इथल्या भाताच्या गिरणीत सोडली ना. लय उंदीर हायेत तिथं, उपाशी नाय मरायची. पोटुशी बाईच्या घरात मांजर कशाला ठिवायचं?" त्यांना वाटत होतं, मला सगळं ठाऊक आहे.

उपाशी नाही मरायची, खरंय. पण सकाळ-संध्याकाळ गोळी कोण देणार होतं, गिरणीतले उंदीर? गोळी अचानक बंद केली तर फिट थांबणार नाही, हे मॅडमनी आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं. बाळाला धोका नको म्हणून तिच्या शी-शूचा ट्रे तेवढा तू साफ करायचा होतास. तू मान डोलावलीस. वर म्हणालास, "आमच्या घरातलीच आहे ती." किती अभिमान वाटला होता मला तुझा! आता आठवलं की माझीच मला चीड येते.

आमचा मनोजदादा गिरणीत जाऊन आला. दिवाळीच्या आधी बुंदीसारखंच एक पांढरं-पिवळं मांजर पोत्यांमागे तडफडताना हमालांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, उंदराचं औषध खाल्लं असेल. सकाळी त्यांनीच उचलून टाकलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. पोरीच्या हृदयाला बारीक छिद्र आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक आपोआप बुजेल, पण तोवर सकाळ-संध्याकाळ औषध, एकही वेळ चुकवायची नाही. तुला काळजी लागेल म्हणून मी बोलले नव्हते. आता वाटतं, लागली असती का?

घरी कधी येणार, असं तू विचारलंस. आजारी जीव जड झाला की तू त्याचं काय करतोस, ते मला कळलंय. पोरगी माझ्यापाशीच राहील. तिचे फोटो पाठवत जाईन. ताजे असतील.

आईंना नमस्कार सांग. त्या निदान खरं बोलल्या.

पोरीची आई,
स्नेहल