फोटोमागची नावं

२ डिसेंबर २००४, लाखनी
लग्नाला आठ दिवस झाले. आजपासून पुन्हा रोजनिशी. घर हायवेला लागून. दिवसभर ट्रक धडधडतात, तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरतं. पण माणसं फार मायेची. सासूबाई, रंभाबाई, मला चुलीजवळ फिरकू देत नाहीत. मामंजी, ताराचंदजी, वर्षभरापासून अंथरुणाला खिळून आहेत. अंगावरून वारं जाऊन उजवी बाजू गेली, पण डोळ्यांनी हसतात. माझा नवरा राजकुमार तर भात वाढतानाही माझ्याकडेच बघतो.
पवनीला बाबांच्या फोटो स्टुडिओत मी वाढले हे कळल्यावर सासूबाईंनी लोखंडी पेटी पुढ्यात आणून ठेवली. घराण्याचे सगळे फोटो. आता हे तुझंच काम, म्हणाल्या.

६ डिसेंबर
पेटीत कसर लागलेली. फोटो एकमेकांना चिकटलेले. ओढले तर चेहरे सोलून निघतील, म्हणून स्वच्छ पाण्यात ठेवते, आपोआप सुटेपर्यंत. मग टिपकागदावर सावलीत वाळवायचे. काळ्या पानांचा अल्बम, कोपऱ्यांना चिकटपट्टीच्या खाचा, मध्ये बटरपेपर. वर्षानुसार लावते आहे. मागे मऊ पेन्सिलीनं नावं. सासूबाई एकेक ओळखून सांगतात.

११ डिसेंबर
आज घरचा फोटो काढला. राजकुमारनं मित्राचा कॅमेरा आणला. मामंजींना अंगणात खुर्चीवर बसवलं, मला खुर्चीलगत खाली. सासूबाईंनी त्यांचा उजवा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. गार आणि जड हात. आशीर्वाद, म्हणाल्या. मला भरून आलं.

१८ डिसेंबर
पुठ्ठ्याला डकवलेला एक फोटो पाण्यात सोडला. खुर्चीत आजेसासरे, खाली एक नवी नवरी, तिच्या खांद्यावर त्यांचा हात. पुठ्ठा सुटला आणि मागची कॉपिंग पेन्सिलीची अक्षरं ओली होऊन जांभळी झाली: ‘जनाबाई. बाबांच्या बदली. १९६२.’
पुढच्या वर्षीच्या फोटोत आजेसासरे बैलाची वेसण धरून उभे. जनाबाई नाही. नंतर कुठल्याच फोटोत नाही.
सासूबाईंना विचारलं. लवकर गेली, म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला बसल्या.

२० डिसेंबर
दुसरा सापडला. ‘शेवंता. मधुकररावांच्या बदली. १९८३.’ तीच खुर्ची, तीत मामंजींचे थोरले भाऊ. तसाच हात.
सकाळी वेणी घालताना उजव्या बोटांतून कंगवा सुटला.

२१ डिसेंबर
राजकुमारला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून जवळ येऊन बसला. जुन्या लोकांचं खूळ, म्हणाला. अंगणातला आमचा फोटो मागवून घेतला आणि माझ्यासमोर चुलीत घातला. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडले. असा नवरा मिळाला.

२६ डिसेंबर
हात सुधारत नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. उजवा पायही ओढला जातो.
आज मामंजींनी चहाचा कप धरला. उजव्या हातानं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. राजकुमार कपाकडे बघत होता. माझ्याकडे एकदाही नाही.

२९ डिसेंबर
डाव्या हातानं लिहिते आहे.
सासूबाईंच्या पोथीत आमचा फोटो. दुसरी प्रत. स्टुडिओवाल्याची मुलगी मी, आणि निगेटिव्ह मागितली नाही.
मागे बॉलपेन. ‘रक्षा. बाबांच्या बदली. ११ डिसेंबर २००४.’
सासूबाईंचं अक्षर नाही. लग्नाआधीची त्याची आठ पत्रं माझ्या पेटीत आहेत. ‘र’ची ती शेपटी—

३० डिसेंबर
विचारलं. नाकारलं नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, “बाप एकच रायते, रक्षा.”
मी म्हटलं, “मग मी कोण होती?”
मी त्याचे पाय धरले, पवनीला सोड म्हटलं. म्हणाला, आता नेऊन काय होणार.
मुलगी बघायला आला तेव्हा आधी माझ्या बाबांना विचारलं होतं, पोरीची तब्येत कशी आहे. बाबा खूश झाले होते. काळजीचा मुलगा म्हणून.

२ जानेवारी
फोटो फाडला. एका हातानं, दातांनी. काही नाही. पाय तसाच. निगेटिव्ह कुठे आहे तो सांगत नाही.
मामंजी काठी न घेता अंगणात. शेजारीपाजारी पेढे खाऊन गेले.

४ जानेवारी
जीभ जड. हाक मारली तर नुसता आवाज.
तो भरवतो. प्रेमानं. तोंड पुसतो. हे सगळ्यात—

५ जानेवारी
ही वही फोटोंच्या पेटीच्या तळाशी, अस्तराखाली घालते. कुणीतरी फोटो लावायला बसेलच.
बाई, तू जी कोण असशील. ते तुला त्रास देणार नाहीत. वाईट शब्द बोलणार नाहीत. खूप जीव लावतील. तेव्हाच तू पळ—