छोटीने गाडीला शिकवलेला माझा हात

मी, वय सदुसष्ट, दंतप्रयोगशाळेत कवळ्या बनवण्यात हयात घालवून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. हात ठिकाणावर नाही, पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

कलम १. राहत्या घरातील माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीला, जिला एकसष्टाव्या वर्षीही सगळे छोटीच म्हणतात. घराचा उरलेला अर्धा हिस्सा तिचाच आहे, तेव्हा भांडायला कोणी उरत नाही.

कलम २. माझे मेण कोरायचे चाकू व कवळ्या घासायची हातमोटर प्रयोगशाळेत माझ्या खुर्चीवर बसलेल्या बाईंना. आमचे कधी पटले नाही. माझा हात थरथरतो हे मालकांच्या कानावर त्यांनीच घातले. पण दाढ त्या माझ्याहून सुबक घडवतात. हत्यारे गंजण्यापेक्षा राग गिळलेला बरा.

कलम ३. रिमोटवर चालणारी ड्रिफ्ट गाडी. हे कलम लांबणार आहे.

काम सुटल्यावर मी खिडकीशी बसून राहू लागले, म्हणून छोटीने ही गाडी आणली. जुन्या गोदामात हौशी मंडळी जमतात आणि गुळगुळीत फरशीवर वळणावळणाने गाड्या आडव्या घसरवत नेतात. यात वेगापेक्षा ताबा महत्त्वाचा. हे तिथल्या एकाला अजून कळलेले नाही; त्याला सगळे सुसाट म्हणतात. तो म्हणाला, "ताई, मोटर बदला, मग बघा मजा." मी बदलली. मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा स्पीड कंट्रोलर मात्र जुनाच ठेवला. झाले, दमदार मोटर आणि तिला पेलू न शकणारी कंट्रोलरची डबी. रिमोटच्या ट्रिगरवर, म्हणजे वेग देणाऱ्या खटक्यावर, बोट जरा थरथरले की गाडी हिसका खाई. ती भिंतीवर आदळली तेव्हा सुसाट सगळ्यांदेखत म्हणाला, "आता ताईंनी बसून बघावं." त्याला माफी नाही.

छोटीने मोटरला शोभणारा कंट्रोलर आणला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर कितीतरी संध्याकाळी त्याच्याशी झटापट केली. मग गाडी लोण्यासारखी चालू लागली. "जोडी जमली की असंच होतं, ताई," ती म्हणाली. मी मान डोलावली. पण बोट थरथरत असताना गाडी ढिम्म उभी राहते हे माझ्या लवकरच लक्षात आले. ट्रिगरची सुरुवातीची हालचाल मनावर घ्यायची नाही, असे तिने कंट्रोलरला गुपचूप शिकवले होते. मी तशीच चालवत राहिले. मला तो आनंद हवा होता, आणि तिलाही.

आता फार दिवस उरले नाहीत, असे डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितल्यावर छोटी म्हणाली, "तुझ्यामागे मी गाडीला हात लावणार नाही. आहे तशी काचेच्या कपाटात ठेवीन." खरे तर ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. म्हणून गाडी तिला देते ती या अटीवर : माझ्यामागे तीन महिन्यांत तिने माझी सेटिंग पुसावी आणि कंट्रोलरला स्वतःचे बोट नव्याने शिकवावे. शेजारच्या घड्याळजींनी ट्रिगर अलगद दाबून पाहावा. गाडी लगेच हलली तर अट पूर्ण. नाही हलली, तर गाडी चार्जरसकट सुसाटला द्यावी. हे छोटीला सोसणार नाही हे जाणूनच ही अट घातली आहे.

छोटी, माझे दुखणे सांभाळणारी गाडी तुझ्या काय कामाची? तुझा हात चांगला आहे. पहिल्या खेपेला ती दचकून पुढे जाईल, तेव्हा घाबरू नकोस, ट्रिगर सोडू नकोस. तू माझ्यासाठी केलेस त्याची फेड होत नाही, म्हणून मी करत नाही. माझा तुझ्यावर फार जीव आहे.

आमच्यासमोर सही झाली :
१) शेजारचे घड्याळजी
२) डॉक्टर

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : १६ मार्च

सही : वाकडी आहे, पण माझीच आहे. छोटी माझा हात धरायला पुढे आली होती. तिला बाहेर पाठवले.