दादाचा जबाब

३ तारीख, सकाळ
आधी तारीख घाल. गेल्या खेपेला विसरलीस, आणि म्हणे शिकलेली. मी फोनवर सांगते तसंच उतरव. लिहितेस म्हणून आईची वही तुझी होत नाही.
तर तुझा दादा. हवालदार माणूस, पण त्या बसच्या अपघातातून माणसं बाहेर काढली तेव्हापासून ड्यूटीवरून येतो आणि जिन्यातच बसून राहतो. महिना झाला. विचारलं की म्हणतो, ठीक आहे. ठरवलंय, आठवड्यात त्याला बोलता करते.

५ तारीख
त्याच्या खात्यातून समुपदेशक बाईंचा फोन. झोपतो का, जेवतो का. दादा आंघोळीला गेलेला, म्हणून मीच उत्तरं दिली. सगळं फर्स्टक्लास. उद्या रेकॉर्डवर डोक्याचा आजार लागला तर हवालदारकी राहील का? बाईंनी त्याची ठरलेली अपॉइंटमेंट कॅन्सल केली. मोठं काम झालं.

८ तारीख
जबाब घ्यायला बसले. समोर बसायचं आणि दम धरायचा, त्याच्याकडूनच शिकलेय. दम धरला. मग त्याला सुरुवात करून द्यावी म्हणून तुझ्या बाबांचं ऑपरेशन सांगितलं, मग माझा गुडघा, मग शेजारीण. दोन तास. शेवटी म्हणाला, ठीक आहे.

११ तारीख
फरक पडतोय. जेवला नाही, पण ताटाकडे बघितलं.

१४ तारीख, दुपार
साहेबांचा फोन. ड्यूटीवर असताना दादा चौकात मधोमध खाली बसला. गाड्यांचे हॉर्न वाजत राहिले, हा उठेना. साहेबांनी हाताला धरून त्या बाईंकडे नेलं. ऊन लागलं असणार. आभाळ आलं होतं म्हणतात, ते लिहू नकोस.

१६ तारीख
बाईंनी मलाही बोलावलं. त्यांना माझी पद्धत नीट समजावली. चाळीस मिनिटं ऐकलं, पाणी दिलं. मग दादाला विचारलं, घरी का बोलत नाही?
तो म्हणाला, "आईला वाटतं मी बरा आहे. तिला खोटं पाडवत नाही."
त्या फोनचं मी कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ तारीख
मला काम दिलंय. रोज अर्धा तास त्याच्या शेजारी बसायचं, विचारायचं काही नाही. आज बसले. सात मिनिटं जमलं.
तू किलोभर भाजलेल्या शेंगा पाठव. टरफलांसकट. सोललेले दाणे नकोत, तोंडाआधी हातांना काम हवं.