तीन-दहाचा श्वास

५ फेब्रुवारी
आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि पोटात पाचवा महिना. आई फोनवर म्हणाली, तुझ्या पायाला भिंगरीच आहे. नवरा सामान लावून लगेच परतला. त्याच्या बदलीला अजून दोन महिने. मला मिळालेली खोली दवाखान्यातच आहे, बाळंतिणींच्या वॉर्डच्या अगदी वर. खिडकीचं एक दार नीट बसत नाही, तिथे पुठ्ठ्याची घडी खोचलीय. बाकी झकास.

काम मनासारखं आहे. गरोदर बायकांचा झोपेत श्वास अडकतो का, म्हणजे स्लीप ॲप्निया आहे का, हे तपासायचं. घोरता का, दिवसा डुलक्या लागतात का, हे आधी विचारायचं. मग बीपी आणि मानेचा घेर. शंका आली की एका रात्रीसाठी मशीन घरी द्यायचं: छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. दुसऱ्या दिवशी मी ग्राफ वाचणार. घोरण्याचं विचारलं की बायको ठणकावून नाही म्हणते आणि मागे उभा नवरा गुपचूप मान डोलावतो. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या मुख्य डॉक्टर, म्हणाल्या की नवऱ्यावर विश्वास ठेवावा अशी आयुष्यात ही एकच जागा.

८ फेब्रुवारी
परवा बाळ पहिल्यांदा हललं! बुडबुडा फुटल्यासारखं. नवऱ्याला फोन केला तर तो भर कचेरीत ओरडला.

दोन मशीन परत आली. एक शिंपीणबाईंचं. त्यांना सातवा महिना आहे. मान मोजताना म्हणाल्या, जन्मभर लोकांची मापं घेतली, माझं घेणारी तुम्हीच पहिली. दुसरं शाळेतल्या एका बाईंचं. दोन्ही ग्राफ स्वच्छ. फक्त पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी दोघींचा श्वास बावीस सेकंद थांबलाय. दोघींचा एकाच क्षणी कसा थांबेल? मशीनची घड्याळं गंडली असणार.

१२ फेब्रुवारी
घड्याळं जुळवली, मशीन अदलाबदल करून दिली. काल पाच जणी, पाच वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या. पाचही जणींचा श्वास तीन-दहाला थांबला. चाळीस सेकंद.

नेहमीच्या ॲप्नियात घसा बंद झाला तरी छाती धडपडत राहते. पट्ट्यावर ते दिसतं. इथे छातीही गप्प. हवा हवीच नसल्यासारखी.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून कितीतरी वेळ ग्राफ पाहिले. मशीन सदोष असतील म्हणाल्या, नवी मागवली. तरी शिंपीणबाईंना वॉर्डात आणून ऑक्सिजन लावायला सांगितला. मी वर्षभराचे जुने ग्राफ काढले. तीन-दहाला कुणाचाच श्वास थांबलेला नाही. सुरुवात सहा तारखेला.

१५ फेब्रुवारी
मशीन नवी, वेळ तीच. एकसष्ट सेकंद. नर्स शिंपीणबाईंजवळच होती. नाकाखाली हात धरला तर काही नाही. गदागदा हलवलं तरी जाग नाही. मग आपोआप श्वास आला. बाळाचे ठोके तेवढ्यात निम्म्यावर गेले होते.

वॉर्डातल्या आयामावशींनी मला जिन्यात गाठून विचारलं, त्या वेळी तुम्ही वर करता काय? छतातून भाता ओढल्यासारखा आवाज येतो म्हणे. मी हसले, म्हटलं घोरत असेन. झोप तर अशी लागते की सांगता सोय नाही. सगळे म्हणतात, दिवस मानवलेत, कांती कशी तुकतुकीत झालीय.

मावशी हसल्या नाहीत.

१६ फेब्रुवारी
काल मशीन मीच लावून झोपले.

माझा श्वास थांबलेला नाही. तीन-दहाला एकच श्वास आहे, फक्त आत घेतलेला. एक मिनिट पाच सेकंद. नुसता आत.

बाकीच्यांचे ग्राफ शेजारी ठेवले. त्यांचा थांबतो त्याच सेकंदाला माझा सुरू होतो. तीनदा पाहिलं.

१७ फेब्रुवारी
शिंपीणबाईंच्या बाळाचे ठोके सकाळी लागले नाहीत.

मी कॉटपाशी उभी राहून रडत होते. त्यांनीच माझा हात धरला. “रडू नका हो ताई. तुमच्या बाळाला त्रास होईल.”

१८ फेब्रुवारी
मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझी नाडी पाहिली. या दिवसांत मन कशाचाही संबंध कशाशीही लावतं म्हणाल्या. माहेरी जा, आराम कर.

माहेरी वहिनीला आठवा महिना आहे.

कुठे जाऊ? गरोदर बायका कुठे नाहीत?

१९ फेब्रुवारी
झोपलेच नाही. खोलीत येरझाऱ्या घातल्या. सगळे ग्राफ स्वच्छ! एकही सेकंद नाही. म्हणजे इतकंच — झोपायचं नाही.

बाळ मात्र सारखं लाथा मारत होतं. भुकेल्यासारखं.

२० फेब्रुवारी
दुसरी रात्र जागून. ग्राफ स्वच्छ.

बाळ हलत नाही.

कूस बदलली, गोड खाल्लं, पोटावर थापट्या मारल्या — नाही.

नवऱ्याला फोन लावला. काय सांगू? ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी
तपासणीचा वार. बाहेर बाकांवर अकरा जणी. कलकलाट नुसता. उभी राहून लिहितेय, बसले तर —

डुलकी लागली. क्षणभरच. बाहेरचं बोलणं एकदम बंद. अकराही जणींचं. दचकून जागी झाले तर अर्ध्या शब्दापासून पुन्हा सुरू. घड्याळात सव्वाअकरा. म्हणजे तीन-दहाचं काही नाही. माझ्या झोपेचं —

आणि पोटात लाथ. केवढी जोरात! जिवंत आहे. माझं बाळ —

देवा, मला आनंद झाला.

चक्कर आली. पडले. बीपी वाढलंय म्हणे. मोठ्या बाईंनी सुई दिली — नको म्हणत होते — झोप लागेल म्हणाल्या, तीन रात्रींची राहिलेली — दारापाशी नर्स —

त्यांना घरी पाठवा म्हटलं. सगळ्यांना. लांब. नर्स म्हणते, तुम्ही निवांत पडा, बसतील की त्या, आज गर्दी —

पुन्हा लाथ. त्याला कळलंय —

डोळे —

बाहेर बोलतायत अजून. कुणीतरी हसतंय. बोलतायत. बोल