दुसऱ्याच्या हातचा पाइप

मंगळवार, ४ मार्च २००३

इस्माएलला दिलं! माझ्या पोरीने — माझ्या! — आपल्या शर्यतीच्या गाडीचा एक्झॉस्टचा पाइप इस्माएलला करायला दिला.

संध्याकाळी आली. दारातूनच नेहमीसारखं, "पप्पा, आशीर्वाद." मी म्हटलं, देव तुझं भलं करो, ये. कॉफी घेतली. औषधाच्या दुकानातल्या गमती आईला सांगितल्या. आणि निघताना, किल्ली बोटात फिरवत, अगदी सहज — "पाइपचं काम पाद्रीनोकडे होईल हं, पप्पा. तुम्ही आधीच कामात बुडालेले असता."

कामात बुडालेला! इथे बेटावर याबुकोआपासून सालिनासपर्यंत कुठल्याही रोटरी इंजिनाच्या गाडीखाली वाकून पाहा — पाइप बहुधा माझा निघेल. कुणी शिकवलं नाही. भंगारातल्या ठोकलेल्या गाड्या कापून कापून शिकलो. आणि पोटची पोर जाते कुणाकडे, तर इस्माएलकडे!

तो तिचा पाद्रीनो, म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्याने तिला हातांत धरलं, म्हणून मी त्याचा कोंपाद्रे आणि तो माझा. सख्ख्या भावाहून जवळचं नातं म्हणतात हे. आमची वाटणीही होती — इंजिन त्याने बांधायचं, पाइप मी करायचा. ना कागद, ना सही, पण होती. आजवर त्याने कधी मोडली नव्हती.

यारेलीस लहानपणीही त्याच्याच मांडीवर जाऊन बसायची. तो नाचतो, गातो, सगळ्यांना हसवतो. मला ते जमत नाही. मला पाइप जमतो.

बुधवार, ५ मार्च

चर्चमधून कपाळाला राख लावून आलो. सोराइदा विचारते, "यंदा चाळीस दिवसांच्या उपासाला काय सोडणार?"

"इस्माएलचं नाव."

"अगंबाई! मग बोलणार कशावर?"

बायको आहे की कोण आहे.

रविवार, ९ मार्च

गॅरेजच्या फरशीवर खडूने तिच्या गाडीचा पाइप काढला. पूर्ण मापाचा. कुणी सांगितला नव्हता. हात शिवशिवत होते.

तिची चौऱ्याहत्तरची कोरोला, पोटात रोटरी. पिस्टनच्या गाडीचे नियम हिला लावू नयेत. हिला झडपा नाहीत. जळता वायू भोकातून सरळ बाहेर येतो — धाडकन! पाइप तापून लाल होतो. पातळ पत्रा एका मोसमात फाटतो. दोन रोटर, म्हणून दोन पाइप, आणि दोघांची लांबी केसभरही वेगळी नको. ते जोडायचे कुठे, यातच सगळी विद्या. घाई करून पुढे जोडलेत तर एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या तोंडात. मी नेतो लांब, ड्रायव्हरच्या सीटच्याही मागे. मग ती गाडी जी गाते!

इस्माएल पुढेच जोडणार. लिहून ठेवतो. त्याला धीर म्हणून नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सोराइदाने खाऱ्या माशाची भजी केली होती. यारेलीस आली, चार खाल्ली. मग म्हणते, "पप्पा, जाड पाइप वाकवताना आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. त्या पडू नयेत म्हणून काय करायचं?"

मी फुशारलोच. सांगितलं सगळं. वाळू भरायची, ठासून. आधी कढईत भाजून घ्यायची, ओल राहिली तर तापल्यावर वाफ होऊन टोकाचं बूच उडेल नि माणूसही. समुद्रावरची तर मुळीच नको, त्यातलं मीठ स्टेनलेसला खातं. तापवायचं बाहेरच्या कडेने, आणि हात थांबवायचा नाही. पोरगी ऐकता ऐकता भजं खायची विसरली.

ती गेल्यावर डोक्यात उजेड पडला. हे प्रश्न तिचे कशाला असतील! औषधं विकणाऱ्या पोरीला सुरकुत्यांशी काय करायचंय? त्याने पाठवलं होतं तिला!

शनिवार, १५ मार्च

भाजलेली वाळू! इतक्या वर्षांची विद्या, चार भज्यांत गेली. गाढव मी.

शनिवार, २२ मार्च

पुन्हा आली. आज तयारीत होतो.

"पप्पा, पाइप तापला की किती लांबतो?"

वा रे कोंपाद्रे! नेमकी दुखरी नस विचारायला लावली. रोटरीचा पाइप तापून चांगला दोन बोटं वाढतो. म्हणून मध्ये सरकता जोड ठेवावा लागतो, एका पाइपात दुसरा ढिला बसवलेला, स्प्रिंगने धरलेला. लांबायला जागा हवी. नाहीतर तो स्वतःलाच फाडतो. दोन पाइप फुकट गेले तेव्हा मला हे कळलं.

म्हटलं, "तुझ्या पाद्रीनोला विचार. तो मोठा शास्त्रज्ञ!"

"त्यांना नाही माहीत, पप्पा. म्हणून तर—"

"मग शिकू दे. मी शिकलो तसा."

तिने किल्ली उचलली. मग दारातून, "आशीर्वाद, पप्पा." मी ग्राइंडर सुरू केला. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

ऐकू आलं होतं.

सोराइदाने खिडकीतून पाहिलं. जेवताना ताट समोर आपटलं. "भांड, ओरड, घराबाहेर काढ. पण पोरगी आशीर्वाद मागते आणि बाप तोंड मिटून बसतो? असं कुत्रंसुद्धा करत नाही!" मी म्हटलं, कुत्र्याकडे कोण आशीर्वाद मागतं? ती हसली नाही.

गुरुवार, २७ मार्च

बेकरीत सगळे जमलेले. मी पाव घ्यायला. पावावरच भागलं तर ना!

"एवारिस्तो, पाहिलंस का तुझ्या कोंपाद्रेकडे काय चाललंय ते? काय टाके घातलेत वेल्डिंगचे! नाण्यांची चळत आडवी पाडावी तसे!"

"लेका, आता तू सायकलच्या घंट्या कर!"

मी म्हटलं, देखणे टाके आणि देखणी बायको, दोन्हींची परीक्षा तापल्यावर. सगळे हसले. मीही हसलो. पाव मात्र तिथेच विसरलो.

इस्माएलला असे टाके? त्याचं वेल्डिंग म्हणजे कोंबडीची शीट. मला माहीत आहे, मीच त्याला चिडवत आलो. कधी शिकला? कुणाकडे?

शनिवार, ५ एप्रिल

राहवलं नाही. पाना परत करायचं निमित्त करून गेलो. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली. सरळ पाठीवर झोपून खाली शिरलो.

लिहायला जड जातं — पण इथे खोटं लिहून कुणाला फसवू? काम सुंदर आहे. वळणात एक सुरकुती नाही (माझी वाळू!). दोन्ही पाइप सारख्या लांबीचे, दोरी लावून पाहिलं. आणि जोडलेत कुठे? मागे, सीटच्याही मागे. माझ्यासारखेच. थोडे माझ्याहून बरे — जोडाकडचा उतार जास्त मऊ आहे.  हा माणूस नाचतो, गातो, माझी पोर त्याच्या गळ्यात पडते, आणि आता हेही!

आणि मग दिसलं. पुढे बोल्ट, मागे बोल्ट, मध्ये सगळं पक्कं वेल्ड केलेलं. सरकता जोडच नाही! तापल्यावर जाणार कुठे तो?

फाटणार. पुढच्या टाक्याला, तिच्या पायांखाली. पेट्रोलची नळी कुठून जाते ते आधी पाहिलं — दुसऱ्या बाजूने, लांबून. तेवढा राक्षस नाही मी.

बाहेर आलो. इस्माएल हात पुसत म्हणतो, "काय कोंपाद्रे? काही खटकलं का? मोकळं बोल."

"छान आहे."

यारेलीस बोनेटला टेकून उभी. "खरंच, पप्पा? खरंच छान?"

"तुझ्या पाद्रीनोचं काम. मी कोण बोलणारा?"

शीळ घालत घरी आलो. फाटू दे. उद्या सालिनासच्या शर्यतीत, सगळ्या बेटासमोर फाटू दे.

रविवार, ६ एप्रिल

फाटला!

पहिल्यापासून लिहितो. लाइनीत लागण्याआधी यारेलीस हेल्मेट काखेत धरून आली. आधी माझ्याकडे, मग इस्माएलकडे. "आशीर्वाद, पप्पा." मी म्हटलं, देव तुझं भलं करो. मोठ्याने म्हटलं, त्याला ऐकू जावं म्हणून. आशीर्वाद दिला आणि जोडाचं बोललो नाही. एकाच तोंडाने.

पहिली फेरी — काय आवाज होता! उभी असताना ठेका, मग सुटली तशी सरळ वर चढत गेलेली एकच तान. माझ्या शेजारचा म्हातारा डोळे मिटून म्हणाला, "आई गं." माझ्या एकाही पाइपला कुणी "आई गं" म्हटलेलं नाही.

दुसऱ्या फेरीत, अर्ध्याच्या पुढे, तान मध्येच फाटली. जाड कापड टरकावं तशी. गाडीखालून धूर. तिने शांतपणे बाजूला घेतली, उतरली. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. तिला काही झालं नाही. बुटाची टाच वितळली, पायाखालचा गालिचा जळला, एवढंच. 

तिला धड पाहिलं आणि मग तोंड सुटलं. गोल करून सगळे उभे होते. मी वाकून फाटलेला टाका दाखवला. "हे पाहा! लहान पोराला कळतं, तापलं की वाढतं! ज्या हातांनी हे केलं त्या हातांनी पाव भाजावेत! रोटरीला पुन्हा शिवू नये!"

काय हशा पिकला! बेकरीतले सगळे होते. यारेलीस हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

इस्माएल एकटा हसला नाही. टोपी काढली. "माझी चूक, कोंपाद्रे. मला कळायला हवं होतं." सगळ्यांसमोर म्हणाला! मी त्याला अजून चार ऐकवल्या. खाली मान घालून उभा राहिला.

परतताना खेकडा भरून तळलेल्या अल्कापुर्रिया घेतल्या, गरम, तेल गळणाऱ्या. तीन खाल्ल्या. सोराइदाने खाल्ली नाही.

सोमवार, ७ एप्रिल

छान झोप लागली. यारेलीसचा फोन नाही. येईल. आता माझ्याकडेच येईल. फरशीवरच्या खडूच्या रेघा गिरवून ठेवल्या.

बुधवार, ९ एप्रिल

सोराइदाने सांगितलं. भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता. पाइप यारेलीसचा होता. मापं तिची, वळणं तिची, टाके तिचे. इस्माएलने जागा दिली, दिवा धरला. सालिनासला गाडी धावली की ती स्वतःच मला सांगणार होती, सगळ्यांसमोर. तोवर बोलायचं नाही अशी त्याला शपथ होती.

"माझ्याकडे का नाही केला तिने?"

"तू वेल्डिंगचा टॉर्च तिच्या हातात राहू दिला असतास?"

नसता.

तिच्या वाटणीच्या शिव्या त्याने उभ्याने खाल्ल्या. ते काम बापाचं होतं.