आईला हात लावायचा नाही

११ जून

सिस्टरने आज पुन्हा मला बाहेर काढलं. माझ्याच घरातून!

"काका, जरा खाली जा. कोंबड्यांना दाणे टाका."

म्हटलं, टाकून झाले.

"मग परत टाका. कोंबड्या तक्रार करायच्या नाहीत."

गेलो खाली. घर उंच खांबांवर आहे, त्यातल्या एकाला टेकून बसलो. वर दोघींची कुजबुज चालली होती. आई माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलत नाही, आणि हिच्याशी काय बोलते एवढं?

चिंतना तिचं नाव. तिशीची असेल. दर आठवड्याला आरोग्य केंद्रातून मोटरसायकलवर येते. मला शिकवलं तिनेच, ते नाकारत नाही. आईला कुशीवर वळवण्याआधी दुखण्याचं औषध द्यायचं, ते अंगात उतरेपर्यंत थांबायचं, मगच हात लावायचा. कावीळ भरल्यापासून आईचं अंग सारखं खाजतं. त्यासाठी ओला कपडा, आणि नखं कापलेली. हे सगळं आता मला येतं. तिच्याइतकंच येतं.

जाताना नेहमीचं — "आणि तुम्ही? झोपता का? जेवता का?" आजारी मी नाही! "या घरात माझे दोन पेशंट आहेत," म्हणे. असली वाक्यं त्यांना शिकवत असतील कुठेतरी.

१४ जून

आज उपोसथ, व्रताचा दिवस. विहारात जायचं होतं, जमलं नाही. मूर्तीपुढे फुलं ठेवली, तेवढंच.

आईने आज तोंड उघडलं, तेही माझ्यासमोर नाही. शेजारच्या सोन मावशीला म्हणाली, "माझ्या पोराला भिक्खूचं चीवर घातलेलं बघायचंय. पावसाळ्यातला वर्षावास सुरू व्हायच्या आत. त्याच्या चीवराचं टोक धरून वर स्वर्गात जाईन."

झालं! मावशी जिना उतरली आणि दुपारपर्यंत गावभर झालं. पिठाच्या गिरणीवरचे लोक माझं अभिनंदन करत होते.

संध्याकाळी मावशी परत. "पन्नाशीला आलास, अजून कच्चाच!" दीक्षा न घेतलेल्या पुरुषाला आमच्यात कच्चाच म्हणतात. "तुझ्या बरोबरीचे पिकून गळायला लागले."

म्हटलं, मी भिक्खू झालो तर आईला कोण बघणार?

"मी आहे की."

तू! औषधाची बाटली तांदळाच्या कणगीत कोणी लपवली होती? 'याने माणूस मरतं' म्हणून? आई अख्खी दुपार कण्हत होती. त्या दिवसापासून मी मावशीला तिच्या अंगाला हात लावू देत नाही. कोणालाच देत नाही.

१६ जून

मोठ्या भन्तेंना भेटलो. चीवर मला नको आहे असं नाही. विसाव्या वर्षी सगळी तयारी झाली होती. वडील गेले, शेत माझ्या गळ्यात पडलं, धाकटी बहीण लाम्याय तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून दर वर्षी दुसऱ्यांच्या मुलांच्या दीक्षेच्या मिरवणुकीत मी छत्री धरून चालतो.

विचारलं, "भन्ते, चीवर अंगावर असताना आईला धुता येईल का?"

"नाही."

"आई असली तरी?"

"आई झाली तरी बाईच. आई पाण्यात बुडत असली तरी भिक्खूने तिचा हात धरायचा नाही. फळी पुढे करायची. धरायची की नाही ते तिने बघायचं."

भन्ते चांगले आहेत. हे त्यांनी हसून नाही सांगितलं. तोंड बारीक करून सांगितलं.

१७ जून

फळी!

२० जून

लाम्यायचा फोन. ती दूर रायोंगला, कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला. दोन वर्षं फिरकली नाही, आणि आता फोनवरून माझ्या दीक्षेची मिरवणूक काढते आहे.

"दादा, मंडप मी बघते. गायकपार्टी मी ठरवते. जेवणाला बैल कापावा लागेल, लोक नावं ठेवतील नाहीतर."

"आईच्या डोक्याशी कर्णे लावणार?"

"आईलाच हवंय ना! तू कधी तिचं ऐकलंयस?"

मी! मी नाही ऐकलं! फोन ठेवून दिला. मग भाताची टोपली उघडली, तर भात आंबलेला. तसाच खाल्ला.

२४ जून

आज सिस्टरशी जुंपली.

मी आईला पुसत होतो. औषध दिलं होतं, थांबलो होतो, पाणी कोमट होतं. सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे. आई डोळे मिटून "पुरे, पोरा, पुरे" करत होती. नेहमीच करते. म्हटलं, दुखतंय, औषध वाढवायला सांगतो. तेवढ्यात चिंतना आली. बघत उभी राहिली आणि म्हणाली,

"काका, चादर पूर्ण काढू नका. अंगावरच राहू दे, खालून हात घाला."

"कशाला? मला दिसायला नको का कुठे घाण राहिली ते? आणि इथे आहे कोण? मी एकटा तर आहे."

तिने चादर परत आईच्या अंगावर ओढली. मग म्हणाली, "धुण्यापुरतं मावशींना बोलावलं तर? मी त्यांना शिकवते. तुम्ही तेवढा वेळ झोपा."

मी बोललो मग. जे नको ते बोललो. म्हटलं, तुम्ही आठवड्यातून एकदा येता, हसता, विचारता, जाता. बाकीचे दिवस तुमचे नाहीत. म्हटलं, हिने मला धुतलं, आता मी हिला धुतो. याहून मोठं पुण्य कुठल्या विहारात मिळतं ते दाखवा मला!

"पुण्याचा प्रश्न नाही हो, काका."

"मग कशाचा आहे?"

तिने आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे वळली होती. चिंतनाने पिशवी आवरली, औषध वाढवून लिहिलं आणि गेली. आज 'झोपता का, जेवता का' विचारलं नाही. बरं झालं.

२५ जून

विचारायला हवं होतं तिने.

३० जून

लाम्याय आली. बॅगा तीन. आईला बघून जिन्यातच बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. नाही वाटलं.

२ जुलै

लाम्यायला काही येत नाही. आईला वळवताना स्वतःच घसरली. औषध द्यायचं विसरली, आठवलं तेव्हा चमचा सांडला. मी दारातून सांगत होतो, असं नाही, तसं. ती म्हणाली, "दादा, तू दारातून हल आधी!" आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर. आतून पाण्याचा आवाज. मग लाम्याय काहीतरी म्हणाली — "अगं आई, तुझ्यासारखीच झालेय बघ मीही, इथे बघ, सगळं लोंबायला लागलंय" असलं काहीतरी अचरट — आणि आई हसली. हसली! खोकला येईपर्यंत हसली.

इतके महिने मी करतोय. एकदाही हसली नाही. हिने पाणी थंड वापरलं, अर्धं अंग पुसलंच नाही, आणि हिच्याशी हसते!

पुण्य मोजू नये म्हणतात. आज मोजलं. सगळं मोजलं. मग मूर्तीपुढे बसलो, पण वंदना पूर्ण म्हणवली नाही.

५ जुलै

विहारात जाऊन सांगून आलो. नाही घेणार चीवर. भन्ते म्हणाले, "तुझी इच्छा." त्यांनी आग्रह केला नाही म्हणून उलट राग आला.

घरी येऊन आईला सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पिवळ्या डोळ्यांतून पाणी आलेलं बघवत नाही.

"एवढं एकच मागितलं, पोरा."

"मग तुला धुणार कोण?"

"लाम्याय आहे."

"ती जाईल परत."

"नाही जाणार," लाम्याय चुलीपाशीच ओरडली. "सुट्टी नाही दिली तर नोकरी सोडेन. आणि किती दिवसांचा प्रश्न आहे आता, दादा?"

आईच्या देखत! मावशी शेजारून सगळं ऐकत होती. आता ती माझ्याशी बोलत नाही. गिरणीवरचेही बोलत नाहीत. आईला स्वर्गाच्या दारातून मागे ओढणारा मुलगा मी. आईच्या अंगाला कुबट वास येऊ देत नाही, पाठीला एक जखम होऊ दिली नाही — ते कोणाला दिसत नाही.

८ जुलै

चिंतना आली. आज मला खाली पाठवलं, पण आईशी बोलत बसली नाही. स्वतःच माझ्यामागून खाली आली. हेल्मेट हातात तसंच.

"काका, मी कोणाचं बोललेलं कोणाला सांगत नाही. हेच माझं काम. पण आज सांगते, म्हणजे तुम्ही आयुष्यभर आजींना दोष देत बसणार नाही."

"काय?"

"पहिल्या महिन्यातच आजींनी मला विचारलं होतं. 'भिक्खूला बाईला हात लावता येत नाही ना? आईलाही नाही?' मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, 'मग माझ्या पोराला भिक्खू व्हायला सांगते. नको कसं म्हणू त्याला? मनापासून करतो. पण तो मला उघडी करतो तेव्हा वाटतं, आत्ता मरावं.'"

मी विचारलं, स्वर्गाचं काय मग? चिंतना म्हणाली, त्याबद्दल आजी काही बोलल्या नाहीत.

ती गेल्यावर हात धुतले. परत धुतले.

९ जुलै

विहारात जाऊन तारीख घेतली. घरी आलो, आईपासून लांब बसलो. म्हटलं, "घेतो चीवर. तुझ्या स्वर्गासाठी."

"हो, पोरा. स्वर्गासाठीच."

दोघंही खोटं बोललो. आणि आईने वर बघितलं — सरळ माझ्या तोंडाकडे. कितीतरी महिन्यांनी.