दोउहुआसाठी लावलेल्या उदबत्त्या

तायपेई, शनिवार

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण आज घरमालकीण छाय काकूंशी कडाडून भांडले. गटारातून उचलून आणलेल्या माझ्या दोउहुआ मांजरीला कायमचा दमा आहे, धूर चालत नाही, हे त्यांना दहादा सांगितलंय. तरी त्यांनी माझ्याच दारात उदबत्त्या लावल्या! दोउहुआ तोंड उघडून धापा टाकत होती.

"अगं, तिच्याच छातीसाठी माझू देवीला साकडं घातलंय," काकू म्हणाल्या. "पदवी मिळाली म्हणून देवीला शिकवतेस?"

"देवीला नाही, तुम्हाला!" मी ओरडले.

औषधाची वाफ दिल्यावर दोउहुआ शांत झाली. मी अजून नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? देव्हारा अजून त्यांच्या उशाशीच आहे ना? आई, हवं तर रागाव माझ्यावर, पण उदबत्ती आजच अंगणात ने.

तुझी लेक,
सुयिंग